सतरा नावांची हजेरी

ईरा आणि विहान,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला पकडलंत. तुमच्याकडे संध्याकाळ होती, माझ्याकडे सकाळ. तुमची आई चष्मा शोधायला आत गेली होती आणि मी चहाचा कप बाजूला सारून रोजच्यासारखी बसले होते. "आजी, तू हातांनी कोणाशी बोलतेस? तिथे तर कोणीच नाहीये," असं ईरानं विचारलं. "आजी मच्छर मारतेय," विहान म्हणाला. मी हसले आणि तुमच्या शाळेची चौकशी करायला लागले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी घाबरले होते. मी हजेरी घेत होते आणि नवव्या नावापाशी अडकले होते.

म्हणून हे आत्ता लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तुम्हाला इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमचं तुम्हाला वाचता आलं असतं, हे मला कळतं. पण ही गोष्ट घडली ती इथल्या माणसांमध्ये. तुमची आई वाचून दाखवेल. तिनं एखादा परिच्छेद गाळायचा प्रयत्न केला तर गाळू देऊ नका.

भादवा उतरतीला लागला आहे. पालघरमध्ये या दिवसांत ऊन एकदम चावरं होतं. दोन-दोन दिवस पाऊस येत नाही, भिंतींची ओल सुकायला लागते, शेतात भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडतात आणि दुपारी वारा आला की त्यांचा कोवळा, दुधट वास रस्त्यापर्यंत येतो. बाकीच्यांना हे दिवस गणपती गेल्यानंतरचे आणि नवरात्राच्या आधीचे मोकळे दिवस वाटतात. मला मात्र हा वास आला की शाळा आठवते. आमच्या शाळेत हा पटपडताळणीचा हंगाम असायचा.

पट म्हणजे शाळेत नाव घातलेल्या मुलांची यादी. जूनमध्ये नावं घालायची, आणि सप्टेंबर संपता संपता वरच्या कार्यालयातून कोणीतरी यायचं आणि यादीतली मुलं खरोखर बाकांवर आहेत का ते मोजायचं. त्या एका दिवशी जेवढी डोकी भरतील तेवढी शाळा खरी. आमची शाळा बोईसरच्या बाहेर, तारापूरच्या रस्त्याला लागून होती. दोन खोल्या, एक पडवी, एक पेरूचं झाड. ऐकू न येणाऱ्या मुलांची सरकारी शाळा. मी तिथे अकरा वर्षं मुख्याध्यापक होते, आणि शेवटची दोन वर्षं शिक्षक म्हणूनही एकटीच होते.

पट हा शब्द रुक्ष आहे, पण मी पटाची वही उघडली की मला तालुक्याचा नकाशा दिसायचा. मी आले तेव्हा अर्धी नावं दांडी गावची आणि आसपासच्या बंदरांची होती. वडिलांचा व्यवसाय: मासेमारी, मासेमारी, मासेमारी. मग वाडीवाल्यांची दोन-तीन मुलं, चिकू-नारळाच्या घरांतली, जेवणाच्या डब्यावर नाव कोरलेली. सफाळ्याकडून एक भावंडांची जोडी यायची. दातिवऱ्याची एक मुलगी तर आधी बसनं सफाळ्याला आणि तिथून गाडीनं बोईसरला यायची, रोज आईचा हात धरून, आणि आई दिवसभर पडवीत बसून जाळ्याची भोकं भरायची. पुढे पुढे व्यवसायाच्या रकान्यात 'कंपनी कामगार' यायला लागलं. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं. ही नावं जूनमध्ये यायची आणि वडिलांचं काम सुटलं की दिवाळीपर्यंत नाहीशी व्हायची, दाखला न घेता, निरोप न देता. पट दर वर्षी थोडा थोडा झिजत गेला. एकतीसवरून सतरावर आला.

त्या वहीत एक रकाना होता, मातृभाषा. त्या रकान्यापाशी माझं पेन दर जूनमध्ये थांबायचं. ज्या मुलानं आईचा एकही शब्द कधी ऐकला नाही त्याची मातृभाषा कोणती लिहायची? मी शिस्तीनं मराठी लिहायचे, हिंदी लिहायचे. खरं उत्तर दिसायला महिनाभर लागायचा. दांडीची मुलगी आणि बिहारचा मुलगा महिन्याभरात एकाच भाषेत भांडत असायचे, पेरूच्या झाडाखाली, चार हातांनी. मला प्रशिक्षणात ओठ वाचायला शिकवायचं असं सांगितलं होतं. मी ते शिकवायचे. हातांची भाषा मला त्यांनी शिकवली.

आणि त्या भाषेत प्रत्येकाला नाव होतं. नवं मूल आलं की बाकीची मुलं त्याला आठवडाभर न्याहाळायची आणि एक खूण ठरवायची. आई-वडिलांना विचारायचं नाही, बाईंना तर नाहीच. दर्शनाच्या गालाला खळी होती म्हणून अंगठा गालावर टेकवून फिरवला की दर्शना. आमच्या मदतनीस कमळामावशी सतत पान चघळायच्या, म्हणून जिभेनं गाल फुगवायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. माझं नाव होतं एका तळहातावरून दुसऱ्या हाताची कड सरळ ओढायची, पट्टी धरून रेघ मारल्यासारखी. मी वह्यांमध्ये फार रेघा मारायचे. पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा लागलं मला. नंतर सवय झाली, आणि मग दुसरं कुठलंच नाव आपलं वाटेना.

या दर्शनाविषयी सांगते. ती दांडीची. सहा वर्षांची असताना आली तेव्हा तिच्याकडे घरगुती खुणा होत्या: दे, नको, ये, भूक, मार. सगळ्या आत्ताच्या. काल नाही, उद्या नाही. शाळेत तिला काल आणि उद्या मिळाले, खांद्यामागे हात आणि खांद्यापुढे हात. आणि एक दिवस तिला 'का' मिळालं. कपाळाशी बोट वळवून ते पुढे झटकायचं. त्यानंतर दोन महिने तिनं जगू दिलं नाही. कमळामावशींना तिनं विचारलं, तुम्ही पान का खाता? "घे, आता हिला काय सांगू?" मावशी म्हणाल्या. "माज्या सासूनं कदी इचारलं नाय, नवऱ्यानं इचारलं नाय. ही टिचभर पोर जाब मागते." आणि तोंड फिरवून हसल्या, कारण पुढे तोंड करून हसल्या असत्या तर दर्शनानं हसण्याचंही कारण विचारलं असतं.

आता त्या भादव्याकडे येते. पाच वर्षं झाली.

बंदरावरच्या मुलांची हजेरी समुद्रावर चालते हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, होड्या भरून येतात. तेव्हा घरातली सगळी माणसं किनाऱ्यावर, मुलंसुद्धा. जवळा पसरायचा, मासळी निवडायची. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी मंद, होड्या किनाऱ्याला, आणि मुलं शाळेत. मी यावर ओरडण्यात एक वर्ष घालवलं आणि मग वेळापत्रकाशेजारी तिथींचं कॅलेंडर टांगलं. नवा धडा भांगात. उजळणी उधाणात. परीक्षा अष्टमीला धरून. मला या व्यवस्थेचा फार अभिमान होता. पडताळणीसाठीही मी दर वर्षी कार्यालयात जाऊन अष्टमीच्या आसपासचा दिवस मागून घ्यायचे आणि ते द्यायचे. त्यांना तिथीचं कारण मी कधी सांगितलं नाही. वाटलं, कशाला, काम होतंय ना. ही माझी चूक.

त्या वर्षी मंगळवार ठरला होता, वद्य अष्टमी. मी चिठ्ठ्या पाठवल्या, कमळामावशी दांडीला आणि आसपासच्या बंदरांवर घरोघर जाऊन आल्या. मंगळवारी सतराच्या सतरा मुलं आली. दातिवऱ्याची आली, सफाळ्याची आली, बोईसरच्या चाळीतला राजकुमार तेल चोपडून भांग पाडून आला. दर्शनाच्या आईनं तिचा गणवेश तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता, पाठीवर तांब्याच्या बुडाचा गोल उमटला होता. मी हजेरी घेतली. आमच्याकडे हजेरी अशी असायची: मी एकेकाच्या नावाची खूण करायची, आणि त्यानं उठून माझ्या नावाची खूण करायची. सतरा वेळा मी त्यांना हाक मारली, सतरा वेळा त्यांनी मला. खोलीत आवाज म्हणाल तर फक्त बाकांचा.

कार्यालयातून कोणी आलं नाही. अकरा वाजले, दोन वाजले. मुलं ताठ बसून दाराकडे बघत होती. चार वाजता मी त्यांना सोडलं.

शनिवारी दुपारी निरोप आला, पडताळणी सोमवारी आहे. सोमवार म्हणजे अवसेचा आदला दिवस. मी फोन केला, दिवस बदलून मागितला. पलीकडची व्यक्ती नवीन होती. "मॅडम, सगळ्या शाळा ठरल्यात. मुलं तर रोजच येत असतील ना?" असं विचारलं तिनं. मी म्हटलं, येतात. अकरा वर्षांच्या भरती-ओहोटीचा हिशेब फोनवर एका वाक्यात कसा सांगायचा ते मला सुचलं नाही.

रविवारी कमळामावशी दांडीला आणि बाकीच्या बंदरांवर फिरल्या आणि संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "बाय, कोन नाय पाटवत. होड्या येनार उद्या. दर्शनाची आई म्हनते, परवाच तर धाडली होती नटवून, तवा कुटं होते मोजनारे? आमची पोरं काय जत्रेतली हायेत, कदी पन बगायला?" मग म्हणाल्या, "आनि तिचं काय चुकलं?"

सोमवारी सहा मुलं होती.

रस्त्यापलीकडे एक साधी शाळा होती. तिथले हेडमास्तर भले गृहस्थ. नऊ वाजता ते माझ्या पडवीत आले, चप्पल न काढता हळूच म्हणाले, "बाई, माझी दहा-अकरा पोरं पाठवतो. तासाभराचा प्रश्न आहे. तोंड बंद ठेवायला सांगतो, म्हणजे झाली तुमची पोरं. कोणाला काय कळणार?"

"ह्यांना कळंल," कमळामावशी म्हणाल्या आणि आतल्या सहांकडे बोट दाखवलं. पण लगेच माझ्याकडे वळल्या. "तरी हो म्हना, बाय. खोटं कुटं हाय? आपली अकरा पोरं जित्ती हायेत, बंदरांवर हायेत, चाळीत हायेत. त्यांच्या जागी हितली बसली तर कोनाचं काय जातं? न्हायतर तुमी नुसतं हजर लिवा."

मी नाही म्हटलं. मला विचारही करावा लागला नाही. माझ्या वहीत आयुष्यात खोटी टीक नव्हती. गैरहजर, गैरहजर, अकरा वेळा लिहिलं, पट्टी धरून खाली रेघ मारली.

पडताळणीला आलेले साहेब तरुण होते, दमलेले होते, वाईट नव्हते. त्यांनी यादीत मान घालून नावं पुकारायला सुरुवात केली. मुलं त्यांच्या डोक्याकडे बघत बसली. "साहेब, वर तोंड करून हाका मारा," कमळामावशी म्हणाल्या, "ती कानानं नाय ऐकत, डोळ्यानं ऐकतात." साहेब ओशाळले आणि मग त्यांनी बोटानं मोजलं. सहा. मी त्यांना तिथी सांगितली, उधाण सांगितलं, कॅलेंडर दाखवलं. म्हटलं, "रिक्षा बोलावते. बंदरं काही लांब नाहीत. चला, मी एकेक मूल दाखवते तुम्हाला."

"मॅडम," ते म्हणाले, "पट शाळेत मोजायचा असतो. बंदरावर नाही."

ते लिहीत होते तेवढ्या वेळात मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं. मान खाली, हनुवटी छातीला टेकवायची. एकानं दुसऱ्याला दाखवलं आणि सहाही जण हसले. त्या दिवशी त्या खोलीत तेवढंच हसू झालं.

पुढच्या जूनमध्ये शाळा बंद झाली. आदेशात 'समायोजन' असा शब्द होता. प्रत्येक मुलाला त्याच्या गावच्या शाळेत नाव मिळालं. कागदावर कोणाचंही नुकसान झालेलं नाही, सतरा नावं कुठे ना कुठे पटावर आहेत. पण गावोगावी एकेक. दांडीच्या शाळेत दर्शना ही एकटीच, सफाळ्याला ती भावंडं तेवढी. भाषा बोलायला कमीत कमी दोन माणसं लागतात हे लिहायला कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता. कमळामावशी त्यानंतरच्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्या मला म्हणाल्या नाहीत की बाय, तुमी तवा हो म्हनायला पायजे होतं. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्ही मोठे झाल्यावर कोणी तुम्हाला सांगेल की आजीनं योग्य केलं. मीही तसं स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण मंगळवारची सतरा खरी होती आणि सोमवारची सहा खरी होती, आणि मी माझ्या हातानं त्यातलं एक सरकारला दिलं. दुसरं माझ्याकडे राहिलं. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर मी मंगळवारची हजेरी घेते. पटाच्या क्रमानं, सतरा. बोटं आता सुजतात, तिसरं आणि चौदावं नाव नीट वळत नाही, तरी घेते. आणि परवाच्या रविवारी नवव्याला हात वर गेला तो तसाच राहिला. नववा म्हणजे राजकुमार. कागदावरचं नाव आठवत होतं, चाळ आठवत होती, केसांचा भांग आठवत होता. हाताचं नाव गेलं होतं. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. ते कुठेही लिहिलेलं नाही. कोणाला विचारणार?

मंगळवारी मी दांडीला गेले. योगायोगानं नाही, तिथी बघूनच गेले. अष्टमी होती, होड्या किनाऱ्याला होत्या. दर्शना आता सोळा वर्षांची आहे. घरासमोर बांबूचा मांडव नव्यानं बांधत होती. पाऊस सरला की त्यावर बोंबील वाळतील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीनं. तिची आई ओट्यावर होती.

"बाई, तुमी! बसा, बसा." तिनं पाट दिला. "शाळा सोडली तिनं. मास्तर चांगले व्हते, पन फळ्याकडं तोंड करून बोलायचे. ही आपली भिंतीकडं बगत बसायची."

"घरात बोलते का हातांनी?"

"आता नाय बोलत. कोनाशी बोलंल? दे, नको, भूक. तेवडं आमाला समजतं. पयले आली घरी का हात थांबत नसत तिचे, मीच म्हनायची, पुरे कर बाय, माजे डोले दुकले." तिनं डोळ्याला पदर लावला. "म्हनायला नको व्हतं."

मी दर्शनाच्या समोर जाऊन उभी राहिले आणि अंगठा गालावर टेकवून फिरवला. तिनं सुतळी खाली ठेवली. मग उजव्या हाताची कड डाव्या तळहातावरून ओढली. रेघ वाकडी आली, पण आली.

मी हजेरी सुरू केली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिचे हात माझ्यामागोमाग, उशिरानं, झोपेतून उठल्यासारखे. आठव्यानंतर मी थांबले आणि रिकामे हात पुढे धरले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन बोटं भुवईवर ठेवून खाली ओढली. राजकुमारच्या भुवईत जुन्या जखमेचा पांढरा पट्टा होता. मी कशी विसरले?

मग तिनं तीच खूण पुन्हा केली आणि हात उघडे करून इकडेतिकडे पाहिलं. कुठे? मी मान हलवली. माहीत नाही. कंपनी बंद पडली, चाळ रिकामी झाली, कुठल्या गावाला गेले ते कोणालाच ठाऊक नाही. तिनं कपाळाशी बोट वळवलं. मी वाट पाहिली. बोट तिथेच थांबलं, पुढे झटकलं गेलं नाही. मग तिनं त्या बोटानं कपाळावरचे केस मागे सारले आणि सुतळी उचलली. तिला 'का' विचारायचं होतं की नुसते केस सारायचे होते, हे मला सांगता येणार नाही.

निघताना मी खांद्यापुढे हात नेला. उद्या येईन. तिला कळलं नाही. मी पुन्हा केलं, सावकाश. ती हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तशी, आणि माझ्या हातात चार नारळ दिले.

मी उद्या गेले. परवाही गेले. आम्ही मांडवाखाली बसतो आणि हजेरी घेतो. उद्याची खूण अजून तिला परत आलेली नाही. उधाण लागलं की ती कामाला जाईल आणि मी भांगाची वाट बघेन.

शाळेच्या दोन खोल्यांत आता कोणाचं तरी गोदाम आहे. पेरूचं झाड तोडलं. पटाची वही कार्यालयात जमा आहे. सतरा नावं आहेत, आणि ती आम्हा दोघींना येतात.